जोडी खेळत असताना

आमच्या शेजारच्या क्लेम व्हील्डनला तुम्ही नोव्हेंबरात पाहिलंत, तर म्हणाल, हा माणूस आजारी आहे. आजारीबिजारी काही नाही. क्रिकेट नाही, एवढंच. सप्टेंबरअखेर आमच्या काउंटीचा शेवटचा सामना संपला की हा घरात शिरतो, तो एप्रिलपर्यंत पाव, दूध आणि गुरुवारचा बाजार यापलीकडे बाहेर पडत नाही. काउंटीचं नाव सांगत नाही. गुणतक्त्यात सगळ्यात खाली बघा, बहुतेक सापडेल.

मी या गल्लीत चौतीस वर्षं राहतेय. माझे यजमान आणि क्लेम रेल्वेच्या कारखान्यात एकाच खात्यात होते. मी मिरजेहून इथे इंग्लंडात नवीन आले तेव्हा क्लेम कुंपणावरून हसून म्हणाला, "काय डक, थंडी वाजते का?" मला असा राग आला! आमच्याकडे डक म्हणजे शून्यावर बाद. म्हटलं, हा मेला पहिल्याच दिवशी माझा उद्धार करतोय. मग कळलं, इथे बसवाला, पोस्टमन, दाताचा डॉक्टर, सगळेच सगळ्यांना डक म्हणतात. आपण बाई गं, राजा, बाळा म्हणतो, तसं.

यजमान गेले त्याला नऊ वर्षं झाली. त्या एप्रिलमध्ये क्लेमने दार वाजवलं. म्हणाला, "शालू, घरात बसून भिंतींशी बोलतेस ते मला पलीकडे ऐकू येतं. चल मैदानावर. तिथे निदान माणसांत गप्प बसशील." तेव्हापासून मी जाते. क्रिकेट मला फार कळतं अशातला भाग नाही, पण विणकाम छान होतं.

तिथे मला राल्फ भेटला. भेटला म्हणजे दिसला. धावफलकाच्या खाली दुसऱ्या रांगेत कडेची खुर्ची क्लेमची, तिच्या शेजारची राल्फची. सव्वीस वर्षं दोघं शेजारी बसत होते. राल्फ उंच, वाळका, कानावर पेन्सिल. प्रत्येक चेंडू वहीत टिपायचा. क्लेम त्याला चिडवायचा, "लिही, लिही. देव वर वही तपासणार आहे तुझी." राल्फ म्हणायचा, "तुझी तपासायची वेळ आली तर कोरीच निघेल." दिवसभरात एवढंच बोलणं, पण दोघं असे खूश असायचे की बघत राहावं.

पहिल्याच वर्षी मी घरी येताना क्लेमला विचारलं, "राल्फचं आडनाव काय रे?"

"माहीत नाही."

"राहतो कुठे?"

"बसने येतो."

"अरे, बायकामुलं?"

क्लेमने जरा विचार केला. "मुलगी असावी एक. बायको होती. सात-आठ वर्षांपूर्वी त्याच्या डब्यातले सँडविच तिरके कापलेले असायचे, ते एकदम सरळ कापलेले यायला लागले. तेव्हा म्हटलं, गेली असावी."

"मग तू काही बोललास त्याला?"

"माझ्यातला अर्धा केक दिला त्या दिवशी," क्लेम म्हणाला. "त्याने घेतला."

मी कपाळाला हात लावला. आमच्याकडे गाडीत शेजारी बसलेली बाई सांगली यायच्या आत तुमचं नाव, गाव, माहेर, सासर आणि गुडघेदुखी काढून घेते. आणि हे दोघे सव्वीस वर्षं मांडीला मांडी लावून बसणार, आणि सीझन संपला की फाटकाशी टोपीला हात लावून म्हणणार, "एप्रिलमध्ये भेटू." मधले सहा महिने दुसरा माणूस जिवंत आहे का, तेही विचारायचं नाही. विचारणं म्हणजे आगाऊपणा. एकमेकांवर जीव नव्हता असं मात्र कुणी म्हणू नका. जीव होता म्हणूनच विचारत नव्हते, अशी ही माणसं.

क्लेमचा आणखी एक नियम होता, तो सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आपली जोडी मैदानात जमली, की खुर्चीवरून हलायचं नाही. पाय आवरून बसलेले असाल तर आवरलेलेच राहू द्यायचे. डबा उघडा असेल तर झाकायचा नाही. आणि बोलायचं तर मुळीच नाही. हललात, बोललात, की जोडी फुटली. यात क्लेमचं काही चुकलं असं मैदानावर कुणी म्हणणार नाही, अर्धे लोक तेच पाळतात. एकदा क्लेम लघवी दाबून पावणेदोन तास बसला होता. जोडी फुटल्यावर जो पळाला! सत्तरीचा माणूस, पण पळण्यात खेळाडूंना लाजवलं. मध्येच कुणी बोलायला लागलंच, तर क्लेम मैदानावरची नजर न काढता "हो हो, बरं बरं" म्हणायचा. समोरच्याला गप्प करायचं ते औषध. मलाही कितीदा पाजलंय.

गेल्या सप्टेंबरातला शेवटचा दिवस. आमचे नऊ गडी बाद, आणि दिवस संपायला अकरा-बारा षटकं उरलेली. तेवढी काढली तर सामना अनिर्णित, आणि आम्ही तळापासून एक पायरी वर. एकीकडे एक डावखुरा पोरगेलासा खेळाडू, दुसरीकडे आमचा जलद गोलंदाज, ज्याला बॅट कुठल्या बाजूने धरायची हे त्या आठवड्यात शिकवलं असावं. वारा असा की माझी लोकर दोनदा उडाली. मी त्यांच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसले होते.

राल्फ त्या दिवशी वही लिहीत नव्हता. हे मी पाहिलं होतं. वही मांडीवर मिटलेली. तो एकदा उठायला लागला, तर क्लेमने त्याची बाही धरून खाली ओढलं. "बस खाली! जोडी फोडतोस का?" राल्फ बसला. मग जरा वेळाने तो क्लेमच्या कानाशी वाकला आणि बोलायला लागला. वाऱ्यामुळे मला एक अक्षर ऐकू आलं नाही. पण बोलणं बराच वेळ चाललं होतं, दोन-तीन षटकं तरी. राल्फला इतकं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. क्लेमची नजर मैदानावर. मान हलत होती. "हो हो. बरं. बरं. येतो." शेवटी राल्फने क्लेमच्या गुडघ्यावर हात ठेवला, थोपटला, आणि मागे टेकून बसला. त्याचा चेहरा एकदम सैल झाला. मला वाटलं, खेळाबद्दलच काहीतरी असेल. दुसरं काय असणार, त्या दोघांत?

जोडी टिकली. अंधुक उजेडात शेवटचा चेंडू पायावर लागून थांबला आणि आम्ही दीडशे-दोनशे म्हातारे असे ओरडलो की जसं काही जग जिंकलं. क्लेमने तर मला मिठी मारली. फाटकाशी त्याने टोपीला हात लावला. "एप्रिलमध्ये भेटू, राल्फ!"

राल्फ जरा थांबला. हसला. "बरं आहे, क्लेम," म्हणाला, आणि बसकडे गेला.

ऑक्टोबर असाच गेला. नोव्हेंबरात नव्या सीझनचं वेळापत्रक आलं. दरवर्षी क्लेम ते स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवतो आणि सणासारखा साजरा करतो, मलाही चहाला बोलावतो. यंदा चहा ओतता ओतता थांबला. म्हणाला, "शालू, त्या दिवशी राल्फ काहीतरी बोलत होता."

"होता ना. चांगली दहा-बारा मिनिटं बोलत होता."

"काय म्हणाला?"

"मला काय विचारतोस? कान तुझ्याकडे होता. तूच हो हो, येतो येतो करत होतास."

"येतो म्हणालो मी?" क्लेम किटली हातात धरून उभा राहिला. "कुठे येतो म्हणालो?"

"मुलीच्या लग्नाला बोलावलं असेल."

"राल्फ पंचाहत्तरीचा तरी असेल. मुलगी पन्नाशीची असेल."

"मग त्याच्याच लग्नाला," मी म्हटलं आणि हसले. क्लेम हसला नाही. मी मात्र चांगली पोट धरून हसले. तेव्हाचं ते हसू आता आठवलं की माझं मलाच तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

मग त्याने तेच डोक्यात घेतलं. दूध आणायला निघाला की कुंपणाशी थांबायचा. "राल्फ कधी बोलत नाही गं. तो बोलला म्हणजे तसंच काही असणार." मी म्हणायची, "एप्रिलमध्ये विचार." डिसेंबरात त्याने नाताळचं कार्ड आणलं. आत लिहिलं, 'प्रिय राल्फ, त्या दिवशी नीट ऐकू आलं नाही, माफ कर. क्लेम.' पाकिटावर लिहिलं 'राल्फ', आणि पुढे काही लिहिता येईना. ते पाकीट घेऊन माझ्याकडे आला. मी म्हटलं, "आता चारच महिने राहिले. हातातच दे."

मिरजेची शालिनी असते तर त्या दिवशी संध्याकाळपर्यंत राल्फला शोधून काढलं असतं. चार बसवाल्यांना विचारलं असतं, क्लबात फोन केला असता, दोन म्हाताऱ्यांच्या घरी चहा प्यायले असते. मनात आलंही. पण मग वाटलं, उगाच कशाला, त्याला आवडायचं नाही, लोक काय म्हणतील. चौतीस वर्षांत मीही या लोकांसारखीच झाले होते. आणि तेही नको तिथे.

मार्चमध्ये क्लेमला तरतरी आली. जाड स्वेटर उन्हाला घातला, थर्मास सोड्याने धुतला, बसायची उशी झटकली. भिंतीवरच्या कागदावर रोज एक काट. पण दरवर्षी तो गोलंदाजांबद्दल बोलायचा, यंदा एकच: "गेल्या गेल्या विचारतो. म्हणतो, राल्फ, मी गाढव आहे, पुन्हा सांग. पहिला चेंडू पडायच्या आत विचारतो, म्हणजे जोडीबिडीची भानगड नाही." आरशासमोर म्हणून बघत असावा. भिंतीतून मला ऐकू यायचं, "राल्फ, मी गाढव आहे."

एप्रिलचा पहिला शुक्रवार. आम्ही फाटक उघडायच्या आधी अर्धा तास तिथे. एवढी थंडी की हातमोज्यांत सुया धरवेनात. क्लेमने आल्याचा केक आणला होता, सबंध. शेजारच्या खुर्चीवर त्याने आपली पिशवी ठेवली. खेळ सुरू झाला. राल्फ नाही.

"बस चुकली असेल," क्लेम म्हणाला.

तासाने एक गृहस्थ आले. "इथे कुणी आहे का?"

"आहे," क्लेम म्हणाला.

आमचे दोन गडी गेले, मग जोडी जमली, आणि मी काय पाहावं, क्लेम खुर्चीत चुळबुळत होता! दर मिनिटाला मान वळवून फाटकाकडे बघत होता. मैदानाकडे त्याचं लक्षच नव्हतं. जेवणाची सुट्टी झाली तरी केकला सुरी लागली नव्हती.

तेव्हा ती बाई आली. पन्नाशीची, उंच, निळा कोट. रांगेतून सरळ आमच्याकडे चालत आली, पाहुणी येते तशी नाही, तक्रार घेऊन येतात तशी.

"तुम्ही क्लेम?"

"हो."

"मी जिलियन. राल्फ बेरिसफोर्डची मुलगी."

"बेरिसफोर्ड," क्लेम हळूच म्हणाला. सव्वीस वर्षांनी ते आडनाव तो पहिल्यांदा तोंडात घेत होता. मग त्याने घाईघाईने पिशवी उचलली. "बसा ना. राल्फ कुठाय?"

ती उभीच राहिली. "जानेवारीत गेले. सोळा तारखेला."

क्लेमचं तोंड उघडं राहिलं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, पण त्याला तो कळला नसावा.

"मी भांडायला आलेय," जिलियन म्हणाली. "खरं सांगते. तीन महिने वाट बघितली या दिवसाची. म्हटलं, हा माणूस दिसतो तरी कसा ते बघू. बाबांना डॉक्टरांनी सप्टेंबरातच सांगितलं होतं. ते माझ्याकडे राहायला आले. पुढच्या खोलीत खिडकीशी त्यांचा पलंग लावला. मी म्हटलं, कुणाला कळवायचंय का? म्हणाले, क्लेमला सांगितलंय मी. पत्तासुद्धा सांगितलाय, बाजाराच्या बसचा थांबा दारातच आहे, येतो म्हणालाय. मग रोज बस आली की उठून बसायचे. गुरुवारी तर दाढी करायला लावायचे मला. म्हणायचे, तो एकदा म्हणाला होता, गुरुवारी बाजाराला जातो, आज येईल."

ती गुरुवारची बस. आमच्याच गल्लीच्या तोंडाशी क्लेम ती धरतो. मीही धरते.

"मला तुमचं आडनाव माहीत नाही, घर माहीत नाही," जिलियन म्हणाली. "बाबांना विचारलं तर म्हणाले, तसं कधी निघालं नाही. क्लबातल्यांनी सांगितलं, पत्ते देता येत नाहीत. नाताळनंतर मी बाबांना स्पष्ट म्हटलं, तो माणूस येत नाही, सोडा त्याचा नाद. तर मलाच रागावले. म्हणाले, क्लेम हळवा आहे, त्याला बघवायचं नाही, धीर होत नसेल. त्याला दोष देऊ नकोस." तिचा आवाज आता फाटला होता. "तसंच होतं ना? धीर झाला नाही. तेवढं सांगा, म्हणजे मी जाते."

बघा, तिने दार उघडून दिलं होतं. नुसती मान हलवायची होती. राल्फनेच सगळं रचून ठेवलं होतं, क्लेमने फक्त हो म्हणायचं. आयुष्यभर नको तिथे हो हो केलेल्या माणसाला हे एक हो काय जड होतं? मी मनात म्हटलं, म्हण रे बाबा, म्हणून टाक, तिलाही बरं वाटेल आणि तूही सुटशील.

क्लेम उठून उभा राहिला. टोपी काढली.

"नाही," तो म्हणाला. "मला माहीतच नव्हतं. तो माझ्याशी बोलत होता आणि मी ऐकत नव्हतो."

"म्हणजे?"

"शेवटची जोडी खेळत होती."

जिलियनला काही कळेना. तिने माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं.

"पण तुम्ही येतो म्हणालात त्यांना."

"म्हणालो. गप्प बसावा म्हणून म्हणालो."

मागे घंटा झाली, पंच मैदानात उतरले, लोक चहाचे पेले घेऊन आपापल्या जागी परतायला लागले. मला वाटलं, आता ही थोबाडीत देणार, आणि दिली असती तर मी मध्ये पडले नसते. पण ती म्हणाली, "बाबांना हे कळलं नाही ते बरं झालं." एवढंच. मग वळली आणि गेली. क्लेम तिच्या मागे दोन पावलं गेला, पण खेळ सुरू असताना खुर्च्यांच्या रांगेत चालायचं नसतं. गोलंदाज धावत येत होता. सवयीने त्याचे पाय थांबले. एवढ्यात ती फाटकाबाहेर पडलीसुद्धा.

आम्ही खेळ संपायच्या आधी निघालो, क्लेमच्या जन्मात पहिल्यांदा. बसथांब्याशी आलो तर तो पुढे चालतच राहिला. मी काही विचारलं नाही. घरची बसही तीच, आणि ती कुणाच्या दारावरून जाते ते आम्हा दोघांनाही आता माहीत होतं. तीन मैल चालत आलो, माझे गुडघे बोंबलत होते.

कालव्याच्या पुलाशी क्लेम बोलायला लागला. "पहिला चेंडू बाहेर, सोडला. दुसरा पायावर. तिसऱ्याला कड लागली, स्लिपच्या पुढे पडला..." मला आधी कळेना, कशाबद्दल बोलतोय. मग कळलं. ती सप्टेंबरातली जोडी. एकेक चेंडू सांगत होता, कुठे पडला, कुणी अडवला, कितव्या चेंडूला डावखुऱ्याने हातमोजा बदलला. अडुसष्ट चेंडू. एकही चुकला नसणार.

"सगळं आठवतंय शालू," तो कठड्याला धरून म्हणाला. "सगळं. आणि तो माझ्या कानाशी बोलला, आपण मरणार हे सांगितलं, घर सांगितलं, ये म्हणाला. त्यातला एक शब्द आठवत नाही. दुपारपासून शोधतोय. एक तरी सापडेल म्हटलं."

तो रडत होता. या माणसाला मी चौतीस वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं, यजमान गेले तेव्हासुद्धा त्याने मला नुसता पाव आणून दिला होता. मला म्हणावंसं वाटलं, मीही तिथेच होते, मीही पाहत होते, मीही हसले होते.

"सुरुवात तरी माझ्या नावाने केली असेल ना त्याने?" क्लेम म्हणाला. "'क्लेम, ऐक' असं काही? तू जवळ होतीस. ऐकलंस तू?"

"हो," मी म्हटलं. "'क्लेम, ऐक' असंच म्हणाला तो. मी ऐकलं."